थोरल्या रुपयाचे रंग

फार मागं एका सराफाच्या पेटीत चांदीचे दोन रुपये राहत. धाकटा दर लक्ष्मीपूजनाला चिंच-राखेनं घासून घ्यायचा. थोरला रेशमी चिंधीत पडून असायचा. त्याच्या अंगावर निळे, जांभळे, सोनेरी रंग चढले होते.

"दादा, किती डागाळलात. घासून घ्या, नाहीतर वितळवतील तुम्हाला," धाकटा म्हणाला.

"वितळवू देत. हे रंग चढायला उमर गेली माझी. ते मी चिंचेला द्यायचा नाही."

एकदा जुनी नाणी जमवणारा पाहुणा आला. थोरल्याला उजेडात फिरवून त्यानं दसपट मोल देऊ केलं. धाकट्याकडे बघून म्हणाला, "यावरच्या राजाचं नाक कुठं गेलं हो?"

"थोरला विकायचा नाही," सराफ म्हणाला. थोरला ताठ बसला.

पुढल्या लक्ष्मीपूजनाला चिंच भिजली, तसा धाकटा हळूच म्हणाला, "दादा, चिंधीत जरा सरकता का?"