तात्यांचा गुलाबी फेटा

एका गावात एक भोळा गडी होता, गेनू नावाचा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. विसरला असता तर फार बरं झालं असतं.

त्याचे सासरे तात्या. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी ते लेकीच्या घरी घोटभर पाणी प्यायले नव्हते. "येडा जावई पदरात पडला," म्हणायचे. त्यांच्याकडची रीत अशी, की आखाडात कोंबडी रांधायची ती घरच्या गड्यानं, अंगणात चूल मांडून. तात्यांनी निरोप धाडला, "रविवारी येतो. जावयाच्या हातची कोंबडी खातो. जमली तर ठीक, नाहीतर हौसाला घेऊनच माघारी फिरतो."

हौसा म्हणजे गेनूची बायको. येडा असला तरी तिचा त्याच्यावर फार जीव. तिनं बुधवारपासूनच सराव सुरू केला.

बुधवारी गेनूनं कापलेली कोंबडी आणली आणि खिडकीत ठेवून दिली. दुपारपर्यंत वास सुटला.

"अवं, कोंबडी आणली की झाकून फ्रीजमध्ये ठेवायची. सगळ्यात खाली!"

"बरं," गेनू म्हणाला.

गुरुवारी त्यानं जिवंत कोंबडी आणली. फडक्यानं झाकली आणि फ्रीजमध्ये ठेवली. सगळ्यात खाली. हौसानं दार उघडलं तशी कोंबडी फडफडत बाहेर आली आणि दह्याचं पातेलं हौसाच्या पायावर पडलं.

"अगं आई गं! अवं, जित्या जिवाला असं गारठवतात व्हय? तिला अंगणात सोडायची, दाणे टाकायचे."

"असं व्हय? बरं."

शुक्रवारी त्यानं पुन्हा कापलेली आणली. अंगणात सोडली. मूठभर ज्वारी टाकली. शेजारचं कुत्रं आलं आणि कोंबडी घेऊन पसार झालं.

"ज्वारीला तोंडच लावलं नाही हिनं," गेनू म्हणाला.

हौसानं कपाळावर हात मारला. शनिवारी त्याला समोर बसवून सगळं घोटवून घेतलं. "नीट ऐका. कच्ची कोंबडी धुवायची नाही, शिंतोडे घरभर उडतात. पण कोंबडी ज्याला ज्याला लागली, ते गरम पाण्यानं, साबण लावून, खसाखसा घासायचं. आणि आत गुलाबी दिसलं म्हणजे कच्चं. गुलाबी जाईपर्यंत चुलीवरनं उतरवायचं नाही. कळलं?"

"कळलं की!"

आणि खरंच कळलं होतं. रविवारी गेनूनं कोंबडी न धुता कापली. हात धुतले, सुरी धुतली, पाट घासला. पांढरा रस्सा असा उकळला, की शेजारीपाजारी नाकं वर करून कुंपणाशी उभे राहिले. हौसाला हायसं वाटलं. ती भाकरी थापायला आत गेली.

तेवढ्यात तात्या आले. डोक्याला कोरा गुलाबी फेटा आणि काखेत भेट म्हणून जिवंत कोंबडा.

गेनूनं पाहिलं. तात्यांना कोंबडी लागली होती.

त्यानं न्हाणीतलं ऊन पाणी आणलं आणि तात्यांच्या अंगावर ओतलं. मग साबण लावला. खसाखसा घासला.

"अरं, अरं, जावईबापू..." तात्यांच्या तोंडात फेस गेला.

कोंबड्यावर मात्र त्यानं थेंब पडू दिला नाही. कच्ची कोंबडी धुवायची नसते.

घासताघासता फेटा सुटून त्याच्या हातात आला. त्यानं उलगडून पाहिला. आत गुलाबी.

तात्यांनी डोळ्यांतला साबण पुसला आणि ओरडले, "हौसे! बांध गठुडं!" हौसा रडतच बाहेर धावली. गेनू चुलीपाशी बसून डावानं रस्सा ढवळत होता. पातेल्यात फेटा पांढराफेक झाला होता आणि कोंबडी गुलाबीच गुलाबी.

"तात्या, जरा थांबा," गेनू काळजीनं म्हणाला. "फेटा शिजला. पण कोंबडी पुन्हा कच्ची झाली."

तात्यांनी पातेल्यात पाहिलं. जावयाकडे पाहिलं. मग मटकन खाली बसले आणि पोट धरून हसत सुटले.

"राहू दे गं गठुडं, हौसे," ते धापा टाकत म्हणाले. "ह्याला एकट्याला सोडलं तर हा गाव शिजवून काढील!"

गेनूनं मान हलवली.

"गुलाबी असलं तरच," तो म्हणाला.