बिनसाखरेच्या दुप्पट

विशेष मुलांच्या शाळेतील कुसुमबाईंना एकच चिंता असे: शाळा सुटल्यावर या मुलांचे पुढे काय? म्हणून मोठ्या विद्यार्थ्यांना त्या चहा करायला, तो अदबीने द्यायला आणि चारचौघांशी बोलायला शिकवीत. नगरपालिकेचे उपाहारगृह या मुलांना चालवायला मिळावे, ही विनंती घेऊन एके दिवशी त्या आपल्या विद्यार्थिनीसह, शांभवीसह, मुख्याधिकारी सरंजामे यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

साहेबांना परीक्षा घेण्याची भारी हौस. ते म्हणाले, "मुली, नीट ऐक. एक चहा बिनसाखरेचा. दुसऱ्यात पहिल्याच्या दुप्पट साखर. तिसरा दुसऱ्यासारखाच, पण थोडा कमी गोड. कळलं?"

"नाही कळलं. पुन्हा सांगा," शांभवी म्हणाली.

"पाहिलंत बाई? हिला साधा चहा कळत नाही, आणि ही जगात वावरणार! काय बोंद्रे, तुम्हाला कळलं ना?"

"अगदी स्पष्ट, साहेब!" हेडक्लार्क बोंद्रे तत्परतेने उत्तरले.

कुसुमबाई त्यांच्याकडे वळल्या. "मग सांगा बरं, दुसऱ्या कपात साखर किती चमचे?"

बोंद्रे छताकडे पाहू लागले. मग चोरून साहेबांकडे. शांभवीला त्यांची दया आली.

"काका, घाबरू नका. कळलं नाही, असं सांगून टाका. आमच्या बाई मुळीच रागावत नाहीत. तुमचे साहेब रागावतात का?"

सरंजाम्यांनी बोंद्र्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि त्यांना उत्तर मिळाले. मग ते मनापासून हसले.

"उपाहारगृह सोमवारपासून तुमचं, बाई. आणि बाळ, मला एक चहा दे. साखर एक चमचा."

"आता कळलं," शांभवी म्हणाली.