केरबाची मोटार सरळ झाली

एका गावात एक भोळा केरबा होता आणि त्याच्या दारात एक जुनी मोटार होती. मोटार मात्र भोळी नव्हती. ती डावीकडं ओढायची.

केरबा म्हणायचा, "तिला तिकडं जायचंय, तर जाऊ दे की." त्यामुळं गावाबाहेरच्या फाट्यावर तो कायम डाव्या रस्त्याला लागायचा. उजव्या रस्त्यावरच्या बाजाराला निघालेला केरबा डाव्या रस्त्यावरच्या कुरणीत पोचायचा. कुरणीत बाजार नसायचा. मग तो तिथल्या लोकांशी गप्पा मारून परत यायचा. बायको विचारायची, "वांगी कुठायत?" केरबा सांगायचा, "वांगी उजवीकडं व्हती."

असं बरं चाललं होतं. पण एक दिवस बहिणीचा, सुनंदाचा, फोन आला.

"दादा, उद्या तेजूचं लग्न. मामानं हाताला धरून आणल्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढत न्हाई. आणि नवऱ्याची आई मानपानाला लई कडक हाय. मुहूर्त टळला तर वऱ्हाड माघारी नेईन म्हणती. वेळेवर ये."

"येतो की," केरबा म्हणाला.

"दादा, माळेवाडी उजवीकडं हाय."

आता मात्र केरबा काळजीत पडला. भाची लाडकी होती. त्यानं बायकोला, हौसाबाईला विचारलं, "काय करायचं गं?"

हौसाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "डावीकडं ओढती, तर उजवीकडं जरा ओढून धरा. त्यात काय."

केरबानं गोठ्यातला दोर आणला, मोटारीच्या उजव्या दाराला बांधला आणि दुसरं टोक हौसाबाईच्या हातात दिलं.

"हे काय?"

"मी चालवतो. तू ओढून धर."

"अवो, दोरानं न्हाई. स्टेअरिंग धरायचं असतंय."

"मग तसं सांगायचं आधी," केरबा म्हणाला आणि स्टेअरिंग धरायचं ही गोष्ट त्यानं पक्की डोक्यात ठेवली.

सकाळी दोघं नटून निघाली. हौसाबाई आत बसली. केरबा फाटक लावायला उतरला. दारापुढं उतार होता. मोटार हळूच घरंगळायला लागली.

"अवो, धरा! धरा!" हौसाबाई ओरडली.

केरबा धावला. काय धरायचं ते त्याला आता ठाऊक होतं. त्यानं खिडकीतनं हात घातला, स्टेअरिंग घट्ट धरलं आणि मोटारीबरोबर पळायला लागला. मोटार डावीकडं ओढली. डावीकडं दूध डेअरी होती. तिथल्या किटल्या उलट्यापालट्या झाल्या आणि मोटार चिंचेच्या बुंध्याला टेकून थांबली. केरबानं स्टेअरिंग सोडलं नव्हतं.

डेअरीतला माणूस डोक्यावरचं दूध पुसत बाहेर आला. "अरे येड्या, गाडी घरंगळली की हँडब्रेक ओढायचा."

"मग तसं सांगायचं आधी," केरबा म्हणाला. त्यानं हँडब्रेक ओढला आणि मोटार चालू करून निघाला.

हँडब्रेक ओढलेलाच ठेवला. आता सांगितलंच होतं तर ओढायला काय जातंय.

मोटार कण्हत चालली. मागच्या चाकांतनं धूर निघायला लागला. सायकलवरचा एक म्हातारा बाजूनं पुढं गेला आणि जाता जाता म्हणाला, "पाव्हणं, धूर निघतोय."

"निघू दे. ब्रेक ओढलाय."

म्हाताऱ्यानं मागं वळून पाहिलं आणि सायकल जोरात मारली.

फाट्याच्या अलीकडं शिकलगार मिस्त्रींचं गॅरेज होतं. नशिबानं ते डाव्या हाताला होतं, त्यामुळं मोटार आपसूक आत शिरली. मिस्त्रींनी नाक मुरडलं.

"केरबा, ब्रेक थांबल्यावर ओढायचा. चालताना सोडायचा."

"तसं सांगायचं आधी. मिस्त्री, ही डावीकडं ओढती. आणि आज भाचीचं लग्न हाय, उजवीकडं."

मिस्त्रींनी वाकून पुढची चाकं पाहिली. एक टायर एका बाजूनं पार गुळगुळीत झालं होतं. "चाकं वाकडी बसल्यात रं. एक सरळ बघतंय, एक डावीकडं. अलाइनमेंट करावी लागंल. बस आत. स्टेअरिंग सरळ धर, नजर समोर ठेव. मी सांगेपर्यंत सोडायचं न्हाई आणि इकडंतिकडं बघायचं न्हाई."

हौसाबाई भाचीसाठी गजरे आणायला गेली. मिस्त्री गाडीखाली शिरले. त्यांनी नट ढिले केले, दांड्या फिरवल्या, यंत्रावर माप बघितलं, नट आवळले आणि हात पुसत समोरच्या टपरीवर चहाला गेले.

केरबा स्टेअरिंग धरून बसला. नाकावर माशी बसली. त्यानं बसू दिली. एकानं येऊन विचारलं, "पाव्हणं, हवा भरायची मशीन कुठाय?" केरबा समोर बघतच म्हणाला, "मला आत्ता काही दिसत न्हाई."

हौसाबाई गजरे घेऊन आली तरी तो तसाच. ती टपरीवरनं मिस्त्रींना ओढतच घेऊन आली.

"अरे, काम कवाच झालंय," मिस्त्री म्हणाले.

"तुमी सोड म्हणाला न्हाई."

"बरं, आता ऐक. पुढं मोकळा रस्ता लागला की स्टेअरिंगवरचा हात जरा सोडून बघ. गाडी सरळ गेली की समजायचं, काही दोष न्हाई."

केरबा निघाला. मोकळा रस्ता लागला. त्यानं हात सोडले. मोटार सरळ चालली. डावीकडं न्हाई, उजवीकडं न्हाई, शिस्तीत नाकासमोर. केरबाला इतका आनंद झाला की त्यानं हाताची घडीच घातली.

"बघ गं, कशी पोरीसारखी चाललीय."

"अवो, फाटा आला."

"येऊ दे. सरळ चाललीय."

फाट्यावर डावीकडं कुरणीचा रस्ता होता, उजवीकडं माळेवाडीचा. सरळ रस्ता नव्हता. सरळ ऊस होता.

मोटार उसात शिरली. बरंच आत गेली. ऊस दाट होता, म्हणून एकदाची थांबली. सरीत पाणी पाजणारा शेतकरी खोऱ्याला टेकून बघत राहिला.

"पाव्हणं, कुठं निघालाय?"

"लग्नाला."

"कुणाच्या?"

"भाचीच्या. पण गाडी एकदम सरळ हाय बघा. काही दोष न्हाई."

शेतकऱ्यानं हौसाबाईकडं पाहिलं. हौसाबाईनं कपाळाला हात लावला होता. मग तो केरबाजवळ आला आणि लहान पोराला सांगावं तसं सांगू लागला, "हे बघा. सरळ असंल तवर सोडलं तर चालंल. वळण आलं की धरायचं. घट्ट धरायचं आणि वळवायचं. आलं ध्यानात?"

"तसं सांगायचं आधी," केरबा म्हणाला. "सरळ असंल तर सोडायचं. वळण आलं की धरायचं."

मोटार उसातनं मागं काढून माळेवाडीपर्यंत तो तेवढंच घोकत राहिला. मोटारीच्या टपावर, खिडक्यांत, पुढच्या दिव्यांत उसाचे हिरवे पाले अडकले होते. मंडपाच्या दारात लोक म्हणाले, "मामानं गाडी काय सजवलीय!"

आत मात्र सुनंदाचा जीव टांगणीला लागला होता. नवऱ्याची आई, गोदाक्का, भरजरी शालू नेसून बोहल्याच्या वाटेत, वळणावरच खुर्ची टाकून बसली होती. तोंड फुगलेलं होतं. "मला कुणी हाताला धरून मंडपात न्यायला आलं न्हाई. माझा मान न्हाई. मुहूर्ताच्या आत कुणी आलं न्हाई, तर मी पोराला घेऊन निघाले."

मागं कुठंतरी दोन्हीकडच्या पुरुषांत मानाच्या टोप्यांवरनं वाद पेटला होता, त्यामुळं गोदाक्काकडं कुणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात भटजींनी हाक दिली, "मामा, मुलगी आणा."

सुनंदानं तेजूचा हात केरबाच्या हातात दिला. "दादा, नीट ने. इथनं सरळ जा, खुर्च्यांपाशी उजवीकडं वळ, की बोहला."

"कळलं," केरबा म्हणाला. त्याला सगळंच कळलं होतं. नजर समोर ठेवायची, इकडंतिकडं बघायचं न्हाई.

तेजूच्या डोळ्यांवर मुंडावळ्या, त्यावर पदर आणि मान खाली. दोघं निघाली. वाट सरळ होती. केरबानं हात सोडला.

तेजू चालत राहिली. मामा बाजूला आहेच, असं तिला वाटलं. ती सरळ चालली, डावीकडं न्हाई, उजवीकडं न्हाई.

वळण आलं. केरबानं समोर बघत हात लांब केला आणि हाताला आला तो हात घट्ट धरला.

तो गोदाक्काचा होता.

गोदाक्का पहिल्यांदा दचकली. मग तिच्या ध्यानात आलं की मुलीचा मामा, फेटा बांधून, सगळ्या मंडपादेखत आपल्याला हाताला धरून न्यायला आलाय. तिचं तोंड एकदम उतरलं, म्हणजे फुगलेलं होतं ते उतरलं. पदर डोक्यावर पुढं ओढून, मान खाली घालून ती लाजत उठली. केरबानं तिला उजवीकडं वळवलं, बोहल्यावर नेलं, अंतरपाटाच्या अलीकडं पाटावर उभं केलं आणि मामानं उभं राहायचं तसा पाठीमागं उभा राहिला. नजर समोर.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. अंतरपाट खाली आला. नवरा मुलगा लाजाळू होता. त्यानं मान वर न करता हार पुढं केला आणि आईच्या गळ्यात घातला.

वाजंत्री वाजायला लागली आणि मधेच थांबली.

"आई?" नवरा म्हणाला.

"बाळा, एवढा मान माझ्या लग्नात बी झाला नव्हता," गोदाक्का डोळे पुसत म्हणाली. मग तिनं हाराकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं, पायाखालच्या पाटाकडं पाहिलं. "आन् नवरी कुठाय?"

सुनंदा धावत आली. "दादा, पोरगी कुठं सोडलीस?"

केरबानं समोर बघतच मागं बोट दाखवलं. सगळा मंडप तिकडं वळला. सरळ वाटेच्या शेवटी जेवणाची पंगत मांडली होती. सकाळपासून उपाशी असलेली तेजू तिथं पाटावर बसली होती. मुंडावळ्या कानांमागं अडकवून ती बुंदी खात होती आणि वाढपी तिला आणखी घ्या म्हणून आग्रह करत होता.

गोदाक्काचा आवाज चढला. "अशी कशी हो तुमची पोरगी?"

केरबा तिच्याकडं वळला, हात जोडले आणि मोठ्या अभिमानानं म्हणाला, "विहीणबाई, बिनघोर न्या. मी स्वतः हात सोडून बघितलंय. एकदम सरळ गेली. पोरीत काही दोष न्हाई."