गुरूशी खेळायचं नाही

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाही जुगाराला सगळे पाप म्हणत आणि जत्रेत सगळेच खेळत.

एका गावात तेलाचा घाणा चालवणारा एक माणूस होता. दोन बैल होते. एक सकाळी जुंपायचा, एक दुपारी. पोटापुरतं निघे. पण दर जत्रेला हा कवड्यांवर काहीबाही हरून येई आणि वर्षभर हळहळत बसे.

एकदा गावात एक गुरू आला आणि वडाखाली बसला. म्हणाला, "कवडी नशिबाने उताणी पडते, असं अडाणी समजतात. ती विद्या आहे. शिकेल तो जिंकेल." दक्षिणा एक बैल.

बायको म्हणाली, "अहो, एवढं येतंय तर ते स्वतःच का खेळत नाहीत?"

"तुला काय कळतंय त्यातलं," म्हणत घाणेवाल्याने बैल सोडला. घरचं शहाणपण फुकट मिळतं, म्हणून कुणाला नको असतं.

मूठ कशी वळायची, श्वास कधी धरायचा, कुठल्या बोटावरून कवडी सोडायची, सगळं गुरूने शिकवलं. शेवटी शपथ घ्यायला लावली, "शिष्याने गुरूशी कधी खेळायचं नाही." घाणेवाल्याला भरून आलं. गुरूचा मान राखायची ही रीत असेल, असं त्याला वाटलं.

जत्रेत तो ऐटीत बसला. समोरच्यानेही तशीच मूठ वळली, तसाच श्वास धरला. शेजारच्यानेही. सगळे एकाच वडाखालचे. कवड्या मात्र कुणाच्या शिष्या नव्हत्या. त्या पडायच्या तशा पडल्या, आणि दुसरा बैलही गेला.

घाणा बंद ठेवला तर चूल बंद. बायकोने जू आपल्या खांद्यावर घेतलं. त्याला ते बघवेना.

तो गुरूकडे धावला. "आता तुम्हीच माझ्याशी खेळा."

"अरे, मीही हरलो असतो. शपथ घातली ती त्यासाठीच," गुरू शांतपणे म्हणाला. "मला कवड्या साधत नाहीत, शिष्य साधतात. तू पलीकडच्या गावात जाऊन बस. पहिली दक्षिणा माझी, पुढच्या तुझ्या."

बायकोच्या खांद्यावरचं जू उतरवायला दुसरी वाट नाही, असं मनाला समजावत तो जाऊन बसला.

पहिला शिष्य आला तो त्याचा मेहुणाच. हातात बैलाचं दावं.

"दाजी, ताईच्या घाण्याला बैल उरला नाही असं कळलं, म्हणून हा द्यायला निघालो होतो. वाटेत ऐकलं, तुम्ही विद्या शिकवता. म्हटलं, एकाचे दोन करूनच न्यावेत."

बैल सरळ घरी ने, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणायचं तर आपण फसलो हेही सांगावं लागलं असतं. त्याने दावं हातात घेतलं.

"आधी शपथ घे," तो म्हणाला. "गुरूशी कधी खेळायचं नाही."

मेहुण्याला भरून आलं.

बैल गेला पहिल्या गुरूच्या दावणीला. घाण्याभोवती बायकोच फिरत राहिली.

लहानांनो आणि थोरांनो, जी विद्या शिकवणाऱ्यालाच वापरायची हिंमत नाही, ती कधी शिकू नये.