सात चेहऱ्यांचा चांदवा

एका राज्यात खरं बोलायला बंदी नव्हती. फक्त खरं बोललेलं कुणाला ऐकू जात नसे.

राजाने तळं बांधलं, पण बांध टिकेना. तेव्हा मांत्रिकाच्या सांगण्यावरून त्याने सात पाथरवट भिंतीत चिणले. मग मांत्रिकाने शाप दिला: त्या सातांचं नाव जो घेईल त्याचा आवाज विरेल, जो लिहील त्याची अक्षरं पुसली जातील. आणि त्यांच्या आठवणीवर धुकं आलं. बांध टिकला. पाणी मात्र कडू झालं.

त्या सातांत हौसाचा नवरा धोंडजी होता. हौसा कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरी. तिला त्याचा चेहरा नीट आठवे. चेहरे कोरणाऱ्या डोळ्यांवर धुकं चढत नाही. बारा वर्षं रीत मोडून ती नवऱ्याचं नाव घेत होती, आणि शेजारीण विचारी, "काही म्हणालीस का गं?"

एके दिवशी अंगणात साळुंकी उतरली.

"हौसाबाई, मंत्र जिभेवर आहे, लेखणीवर आहे. लाकडावर नाही. ठसेकारीण मांत्रिकाच्या ध्यानातच आली नाही. सातांचे चेहरे छाप. कुणी एकाने आपलं माणूस ओळखलं, की शाप तुटला."

"करायचं काय?"

"तीन कामं. बांधाच्या दाराची जुनी फळी आण. सात घरांतल्या दिव्यांची काजळी आण. तिसरं, चुकू नकोस."

बांधावरच्या पहारेकऱ्याने फळी दिली आणि पाठ फिरवली. सातांना चिणलं त्या दिवशी चुना त्यानेच कालवला होता. सात घरांनी न विचारता काजळी दिली.

हौसाने आधी धोंडजी कोरला. डाव्या भुवईवरचा वणही सोडला नाही. चिंधीवर छाप घेऊन ती सासूकडे गेली. म्हातारीने निरखून पाहिलं.

"बरा दिसतो. कुणाचा कोण?"

साळुंकी म्हणाली, "जन्मभर उलटं कोरणारी तू, आज सुलटं कोरलंस? वण उजव्या भुवईवर गेला."

"तो समोर बसल्यासारखा वाटला," हौसा म्हणाली. "हात विसरला."



फळीची दुसरी बाजू उरली होती. या खेपेला हौसाने त्याला समोर बसवलं नाही. ती स्वतः त्याच्या जागी बसली. आपल्या डाव्या भुवईवर बोट ठेवी आणि डावीकडेच कोरी. तसेच बाकीचे सहा कोरले.

तळ्याच्या वार्षिक पूजेचा चांदवा छापायचं काम तिच्याकडेच होतं. त्या छताच्या कापडावर तिने काजळीने सातही चेहरे छापले. पूजेला राजा चांदव्याखाली बसला. गावाने मान वर केली.

"अगं बाई," सासू म्हणाली, "हा तर माझा धोंडू."

सगळ्यांना ऐकू गेलं. मग दुसरं घर बोललं, तिसरं बोललं, सातही बोलली. मांत्रिकाने चांदवा तीनदा धुवायला लावला. छाप हलला नाही. तो मंत्र म्हणू लागला, तर त्याचेच ओठ नुसते हलले.

राजाने मुकुट उतरवून ठेवला.

"मी चिणलं," तो म्हणाला. "पहार द्या."

पहारेकऱ्याने पहार दिली आणि दुसरी स्वतः धरली. पाणी पाटाने उतरवून दोघांनी भिंत उघडली. सातांना अग्नी मिळाला. राजा सात दारांपुढे मान खाली घालून उभा राहिला. पुढे बांध पुन्हा बांधला, नुसत्या दगडचुन्याने, आणि तो टिकला. मांत्रिक कुठे गेला, कुणी विचारलं नाही.

तळं भरल्यावर हौसाने पहिली घागर बुडवली. ओंजळभर चाखलं. गोड होतं.

"धोंडजी," ती हळूच म्हणाली.

शेजारीण आपली घागर भरत होती. "हो गं," ती म्हणाली. "फार भला माणूस."