मागल्या दारच्या पाल्याची कहाणी

ऐक परसाई, मागल्या दारच्या माउली, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. नगराच्या कडेला ओढा होता, ओढ्याकाठी नागोजी माळी राहत होता. घरात त्याची बायको सारजा, म्हातारी आई हौसाबाई आणि लेक बकुळा. घर लहान, पण मागचं परस मोठं. परसात काय होतं? पेरू होता, डाळिंब होतं, रामफळ होतं. मांडवावर दोडका, कुंपणावर कारलं, वाफ्यात वांगी नि भेंडी. देवाला अबोली, तगर, गोकर्ण. आणि आडाच्या पलीकडे, कुंपणाशी, एक कोपरा होता. तिथं कुणी काही पेरलं नव्हतं. आपसूक घोळ येई, पाथरी येई, कुर्डू येई. हौसाबाई त्या कोपऱ्यात खुरपं घालू देत नसे. श्रावणातल्या शनिवारी ती तिथं जाई, हात जोडी, वरचे शेंडे खुडी. मुळाला धक्का लावीत नसे. त्याची भाजी करी. पहिला वाटा मागल्या दारी येईल त्याला देई, मग घरची माणसं जेवत.

मग हौसाबाईचा अंतकाळ आला. तिनं सुनेला जवळ बोलावलं. म्हणाली, "सारजे, पेरू वठला तर दुसरा लावशील. तो कोपरा मात्र राख. घरात काही नसतं तेव्हा तो असतो." सारजा म्हणाली, "राखीन, आत्याबाई." म्हातारी गेली. सारजानं कोपरा राखला, वाटा दिला.

मग बकुळाचं लग्न झालं. लग्नाला गावची पाटलीण आली. तिनं परस हिंडून पाहिलं. म्हणाली, "बाग चांगली राखलीस गं सारजा. पण कोपऱ्यात हे काय रान माजू दिलंयस? घरातली बाई आळशी असावी असं दिसतं." बरोबरच्या बाया हसल्या. सारजाच्या मनाला ते लागलं. लेक सासरी गेली, मग तिनं कुदळ घेतली. कोपरा खणला, मुळ्या वेचल्या, उन्हात वाळवल्या, पेटवून दिल्या. तिथं शेवंती लावली. नागोजी म्हणाला, "आईनं सांगितलं होतं ना?" सारजा म्हणाली, "त्यांचे दिवस निराळे होते. आता आपल्यावर तण खायची वेळ आलीय का?"

श्रावण आला. पहिल्या शनिवारी मागल्या दारी एक म्हातारी आली. अंगावर विटकं लुगडं, हातात रिकामी परडी. म्हणाली, "बाई, माझा पाल्याचा वाटा दे." सारजा म्हणाली, "पाला नाही, आजी. पेरू घ्या, दोडकी घ्या." म्हातारी म्हणाली, "मला पाला हवा," आणि रिकामी परडी घेऊन गेली. दुसऱ्या शनिवारी आली. सारजा शेवंतीला पाणी घालत होती, तिनं मान वर केली नाही. तिसऱ्या शनिवारी आली. सारजानं मागल्या दाराला बोराटी लावून ठेवली होती. म्हातारी काट्यांपाशी थांबली, मग ओढ्याच्या वाटेनं निघून गेली. शेवंती फुलली, पाटलीण पाहून गेली. सारजाचं पाहून साऱ्या आळीनं आपापली परसं खरवडून काढली.

पुढल्या वर्षी पाऊस आला नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, मघा कोरड्या गेल्या. आधी वेल गेले, मग फुलं गेली, मग झाडांनी पानं टाकली. आड तळाला गेला. नागोजी बैल घेऊन धान्य आणायला परमुलखात गेला, त्याचा निरोप येईना. अशात बकुळा बाळंतपणाला आली. घरात जोंधळ्याचं पीठ तेवढं होतं. आश्विनात तिला मुलगा झाला. मुलगा झाला, पण अंगावर दूध येईना. सुईण म्हणाली, "सारजाबाई, पोरीच्या पोटात हिरवं काही घाला. पाथरी घाला, घोळ घाला. नाहीतर लेकरू राहायचं नाही."

मग सारजा पाला शोधायला निघाली. पहिल्या घरी गेली. "मूठभर पाथरी द्या, बाई." ती म्हणाली, "कुठली देऊ? तुझं बघून आम्हीही परस साफ केलं." दुसऱ्या घरी गेली. "ओंजळभर घोळ द्या, बाई." ती म्हणाली, "होती थोडी, काल शेळीनं खाल्ली." मग ओढ्यावर गेली. काठाची माती भेगाळली होती, हिरवं बोटभरही नव्हतं. ती रिकामा पदर घेऊन घरी आली. तान्हं रडत होतं. मग हळू रडू लागलं. मग रडेनासं झालं. बारसं व्हायच्या आधीच गेलं. सारजानं त्याला फडक्यात गुंडाळलं, ओढ्यापलीकडे नेलं, मातीआड केलं.

घरी आली तर बकुळा उठून बसली होती. म्हणाली, "आई, आजीच्या कोपऱ्यात पाथरी असायची."

"असायची."

"पाऊस नसला तरी असायची. लहानपणी मी खाल्लीय."

"खाल्लीयस."

"मग ती कुठं गेली?"

सारजा म्हणाली, "मी जाळली."

बकुळानं भिंतीकडे तोंड केलं. अंगात बळ आलं तशी ती नवऱ्याबरोबर सासरी गेली. जाताना आईच्या पाया पडली नाही.

मग सारजा एकटी उरली. चूल पेटवीना, केस विंचरीना, उंबऱ्याबाहेर पडेना. वठल्या डाळिंबाखाली बसून राही. असंच जगावं की आडात उडी घ्यावी, एवढाच विचार मनात येई. एके दिवशी मागल्या दाराशी तीच म्हातारी उभी राहिली. सारजा उठली. हातांनी बोराटी ओढून काढली, हात रक्तानं भरले. म्हणाली, "आजी, द्यायला माझ्याकडे काही नाही."

म्हातारी म्हणाली, "ठाऊक आहे."

"तुम्ही कोण ते मला कळलं. माझा नातू परत द्या."

"तो माझ्या हातात नाही, बाई. गेलेलं मला आणता येत नाही. मातीत राहिलं असेल तेवढं वर काढते."

सारजा खाली बसली. म्हणाली, "मग मी आता काय करू?"

म्हातारी म्हणाली, "कोपरा मोकळा कर. हातपाय धुतलेलं, भांडी विसळलेलं पाणी तिथं ओत. खुरपं घालू नको. येईल ते येऊ दे. पहिला वाटा दारी येईल त्याला दे. आलं म्हणून फुगू नको, नाही आलं म्हणून सोडू नको."

"आणि हे कुणासाठी करू? माझं कोण उरलंय?"

सारजानं डोळे पुसून पाहिलं तो दारात कुणी नव्हतं.

मग सारजानं वाळलेली शेवंती काढली. रोज भांडं विसळी, पाणी कोपऱ्यात ओती. कार्तिक गेला, काही आलं नाही. मार्गशीर्ष गेला, काही आलं नाही. पौषात जमिनीलगत पाथरीचं एक पान आलं. मग घोळीचं लाल देठ आलं. सारजाला आनंद झाला नाही. ती पानाकडे बघून म्हणाली, "आता आलंस होय?"

पाला खुडण्याजोगा झाला त्या दिवशी मागलं दार वाजलं. बाहेर पाटलीण उभी होती. डोक्यावरून पदर ओढलेला. म्हणाली, "सारजा, सून बाळंत झालीय. अंगावर दूध नाही. तुझ्याकडे पाला आहे असं कळलं." सारजा तिच्याकडे बघत राहिली. या बाईच्या बोलण्यावरून आपण कुदळ उचलली, हे तिच्या मनात आलं. मग कुदळ आपल्याच हातात होती, हेही आलं. ती कोपऱ्यात गेली. शेंडे खुडले, मूळ राखलं, सगळा पाला पाटलिणीच्या पदरात घातला. स्वतःला पान ठेवलं नाही. काही दिवसांनी पाटलाच्या वाड्यातून पोराचं रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. सारजा परसात बसून पोटभर रडली.

मग आळीतल्या बाया येऊ लागल्या. सारजा त्यांना पाला देई, बी देई, परसात टाकायला सांगे. ज्येष्ठ सरला, पाऊस आला. नागोजी परतला, बैल वाटेत मेले होते, पण तो जिता आला. पेरूच्या बुंध्याला धुमारे फुटले. डाळिंब मात्र वठलं ते वठलंच. पुढं बकुळाला लेक झाली. त्या वेळीही ती माहेरी आली, पाल्याची भाजी खाल्ली, अंगावर दूध आलं. आईशी बोलू लागली, पण कामापुरतं.

श्रावणी शनिवारी सारजा अजून भाजी करते, पहिला वाटा मागल्या दारी देते. मग तिला गेलेल्या नातवाला हाक मारावीशी वाटते. त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं. ती दारात तशीच उभी राहते, मग आत येऊन नागोजीला वाढते.

परसाई, सारजाला उशिरा शहाणपण दिलंस, ते आम्हां ऐकणारणींना वेळेवर दे. तिच्या कोपऱ्यात आलं ते सगळ्यांच्या परसात येवो, तिच्या ओटीतून गेलं ते कुणाच्याही ओटीतून न जावो. साठ उत्तरांनी सांगायची कहाणी, पाच उत्तरांत सांगितली, फळासह तुझ्या पायाशी पुरी केली.