बदामांची चोरी

सरदार जिवाजीरावांना मल्लांसारखे दंड हवे होते. म्हणून ते मल्लांचा खुराक, म्हणजे पावशेर बदामांची थंडाई, वर्षभर रोज प्यायले. दंड होते तसेच राहिले, पोट तेवढं सुटलं.

एक दिवस पाट्यावर बदाम वाटणाऱ्या सगुणेचे पिळदार दंड त्यांच्या नजरेला पडले. तिला तडक दरबारात उभं केलं.

"महाराज, माझे बदाम हिनंच खाल्ले! दंड बघा हिचे!"

महाराजांना नवल वाटलं. "काय गं, चोरी केलीस?"

"बदामाचा कण तोंडात टाकला नाही, महाराज. पण चोरी झालीय खरी," सगुणा म्हणाली. "बदाम सरदारांकडे पोचले, वाटायची मेहनत तेवढी माझ्याकडं राहिली. उद्यापासून वरवंटा त्यांच्या हाती द्या. चोरीचा माल वर्षभरात परत मिळेल."